आपल्या वाळवणाकडे पाठ

मावशी कावळ्यांना नात्यानं ओळखायची.

हातात बांबूची काठी, डोक्यावर भोक पडलेली काळी छत्री, काष्टा आवळून दगडावर बसलेली. समोरच्या पत्र्यावर कावळा उतरला की तिचं सुरू व्हायचं. "आला, आला माजा सासरा! जिता होता तवा माज्या ताटातली तुकडी उचलायचा. मेला तरी सवय जात नाय." तेवढ्यात दुसरा. "ही बग नणंद. मान कशी वाकडी करते बग. सरळ कदी बगितलंन नाय हिनं माज्याकडं." मग काठी दणकन जमिनीवर. "हाट!" सासरा उडाला, नणंद उडाली की मावशी इतकी समाधानानं हसायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला आत्ता कुणीतरी सोन्याच्या पाटल्या केल्या.

"जितेपणी तोंड उगडता आलं नाय गो यांच्यापुढं," ती म्हणायची. "आता बगते एकेकाला."

मी तेव्हा नवीन लग्न होऊन लातूरकडून बोईसरला आलेली. आमच्याकडं दहाव्याला कावळ्याला हात जोडून बोलावतात, 'काय राहिलं असेल तर करू' असं कबूल करतात. त्याला काठी दाखवून सासरा म्हणणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर मला तेव्हा कशाचीही भीती वाटायची. कंपनीचा भोंगा झाला की वाटायचं काहीतरी फुटलं. भाजीवाला हिंदी बोलला की मी नुसती मान हलवायची आणि नको असलेला दुधी घरी यायचा. सातवीनंतरची शाळा शेजारच्या गावात होती आणि मधे ओढा होता, म्हणून माझं शिक्षण ओढ्याच्या अलीकडंच थांबलं. त्यामुळं आपल्याला जगातलं काहीच कळत नाही अशी माझी ठाम समजूत. आमचे हे तारेच्या कंपनीत कामाला. हे शिफ्टला गेले की मी दाराला कडी लावून आत बसायची आणि गॅस बंद केलाय का ते पुन्हापुन्हा बघायची.

खोली मिळाली तीसुद्धा एका गमतीनं. हे लग्नाआधी खोली बघायला गेले, तर घरमालकीण मावशीनं भाड्याचं काढलंच नाही. तिनं विचारलं, "दिवसा घरात कोण असतं?"

हे म्हणाले, "सेकंड शिफ्ट असली की मी दुपारपर्यंत..."

"तुजं नाय विचारलं. बाईमाणूस हाय का?"

"लग्न ठरलंय, मावशी."

"झालं की ये."

म्हणजे ह्यांना खोली माझ्यामुळं मिळाली. हे मी आजसुद्धा त्यांना ऐकवते.

तिच्या त्या अटीचं कारण मला आल्यावर कळलं. एका ओळीत खोल्या, पुढं मोठं अंगण, आणि अंगणात मासवणकडून आणलेल्या बांबूंचा उभा मांडव. त्याला ती वलांडी म्हणायची. वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. दोन-दोन बोंबील, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला, जणू भांडताभांडता दोघांना कुणीतरी उन्हात टांगलंय. मावशी मूळची समुद्रकाठच्या मुरब्याची. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. "पाण्यावर घर बांदता येत नाय," म्हणून तिनं होडी विकली आणि इकडं कंपन्या यायला लागल्या तेव्हा हा तुकडा घेऊन खोल्या बांधल्या. खोल्या झाल्या तरी मासळी सुटली नाही. पहाटे बंदरावरून माल आणायचा, दुपारपर्यंत बाजारात बसायचं, आणि उरलंसुरलं आणि मुद्दाम आणलेलं असं सगळं अंगणात वाळवायचं. आता ती बाजारात, तर अंगणातल्या बोंबलांकडं बघणार कोण? मांजरं होती, घारी होत्या, कावळे म्हणजे तर तिचं सगळं सासर. म्हणून तिला बिऱ्हाडकरू नको होते, राखणदार हवे होते. एकट्या पोरांना ती खोली देत नसे. अपवाद एकच, जळगावकडचा एक रातपाळीवाला. "तो चालेल. दिवसा घरात असतो. झोपतो, पण घोरतो इतका की मांजर येत नाय."

मी आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं माझी कडी वाजवली आणि काठी माझ्या हातात दिली.

मी दारातूनच म्हटलं, "मावशी, मी माळकरी आहे." गळ्यातली तुळशीची माळ पदराबाहेर काढून दाखवली, पोलिसाला ओळखपत्र दाखवावं तशी.

"मंग? तुला खायला कोण सांगतंय? बगायला सांगतेय. बगण्यानं माळ बाटत नाय."

"पण मला जमेल का? काही झालं तर?"

"दिवसभर आत बसून काय करतेस?"

"काही नाही. काळजी वाटते."

"कसली?"

मी वळून आत गॅसकडं बघितलं. मावशीनं छत्रीपण माझ्या हातात दिली. "काळजी करायचीच हाय ना, तर कामाची कर. बस त्या दगडावर."

अशी मी, पदरानं नाक दाबून, माळ घालून, लोकांचे बोंबील राखत बसले. गावाकडं मायला हे कळलं असतं तर तिनं मला परतच नेलं असतं.

राखणीचा तिचा एक नियम होता. आपल्या मालाकडं पाठ करून बसायचं आणि दुसऱ्याच्या मालाकडं तोंड. मी सुरुवातीला विचारलं, का म्हणून? तर म्हणाली, "आपल्या मालाकडं बगत बसलं की डोळा लागतो. लोकाच्या मालाकडं बगताना लाज जागी ठेवते." आणि मग, "कावळ्याची मान सगळीकडं वळते, आपली नाय वळत. म्हणून शेजारी करायचा."

माझा माल तोपर्यंत काहीच नव्हता. तो आला चैत्रात. गावाकडं या दिवसांत घरोघरी कुरडया, शेवया, खारोड्या चालू असतात. आपण इथं एकटीनं काय करायचं म्हणून मी गप्प होते, पण हात शिवशिवायला लागले. शेवटी मी गहू भिजत घातला. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, आणि तो आंबतो. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी केलं नाही त्यांना एवढंच सांगते, की तो वास शब्दांत मांडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी बाजारातून आली ती थेट माझ्या दारात. पदर नाकाला. बोंबलाच्या राशीत जन्म काढलेली बाई, तिचा पदर नाकाला!

"काय मेलंय गो तुज्या घरात?"

"काही नाही, मावशी."

"काय नाय कसं? उंदीर मेलाय. सरक." ती आत शिरली. बाजेखाली बघितलं, ट्रंक ओढली, मोरीत काठी घातली. मी आपली पातेल्यापुढं उभी, लाजून अर्धी झालेली. शेवटी तिनं मला बाजूला केलं, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि दोन पावलं मागं गेली.

"अगो बाय! हे खाता तुमी?"

"वाळल्यावर वास येत नाही, मावशी."

मावशीनं पदर सोडला. माझ्याकडं बघितलं. मग अंगणातल्या वलांडीकडं बघितलं. आणि जी हसायला लागली ती दाराला धरून खालीच बसली. "माज्या बोंबलाला नाक धरून बसते ही! नाक धरून! आणि घरात हे!" रातपाळीवाला घोरायचा थांबून बाहेर आला, त्यालाही तिनं हात धरून आत आणलं आणि वास घ्यायला लावला. त्या दिवसापासून मी नाकाचा पदर सोडला. लाजेनं म्हणा, नाहीतर फिटंफाट झाली म्हणून म्हणा.

पण दुसऱ्या दिवशी मी चीक शिजवला. गव्हाचा तो शिजलेला पांढरा गरम चीक, त्यावर तूप आणि गूळ. मी भीतभीत वाटी तिला नेऊन दिली. तिनं आधी हुंगलं, मग बोट लावलं, मग वाटी चाटूनपुसून संपवली आणि दारातून ओरडली, "माळवाले, हाय का अजून?" त्यानंतर दर चैत्रात गहू भिजला की ती रोज येऊन झाकण उचलून बघायची. "कवा व्हायचा चीक?" कुरडई वाळल्यावर तिला तिचं काही नव्हतं. तिला चीक हवा असायचा, आणि सकाळी, गरम असतानाच.

पहिली काही वर्षं मी तिला अहो-जाहो करत होते. त्याचं अगं-तुगं कधी झालं ते लक्षात नाही. बहुतेक त्या काजळीच्या दिवशी झालं असावं.

उन्हाळ्यात बोईसरला दुपारचा वारा समुद्रावरून येतो आणि कंपन्यांचा धूर पूर्वेला घेऊन जातो. त्यामुळं अंगण तसं स्वच्छ राहायचं. त्या दिवशी वारा फिरला. कुठल्या तरी चिमणीतून काळी काजळी उडायला लागली आणि तिचे कण तिळासारखे सगळीकडं पडायला लागले. बाजेवर धोतर पसरून घातलेल्या माझ्या कुरडया, अजून ओल्या, पांढऱ्याशुभ्र. वलांडीवर तिचे बोंबील. मी एकटी. आता काय धरू? विचार करायला वेळच नव्हता. तोंड बोंबलांकडं होतं, म्हणून मी तिकडंच पळाले. दोरीवरचे बोंबील ओरबाडून ओटीत घेतले, पुन्हा पळाले, पुन्हा घेतले. पाठीमागं माझ्या कुरडयांचं काय होतंय ते बघायचं धाडससुद्धा होईना.

सगळे आत टाकून वळले, तर बाज रिकामी! दारात मावशी उभी, डोक्यापासून पायापर्यंत घामेजलेली, आणि तिच्या हातात माझ्या कुरडयांचं धोतर चारी कोपऱ्यांनी धरलेलं. वारा फिरल्याचं तिला बाजारात कळलं होतं. ती डोक्यावरच्या पाटीसकट पळत आली, पाटी फाटकात टाकली आणि बोंबलांकडं ढुंकूनही न बघता बाजेवरच्या कुरडया उचलल्या.

आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो.

"माळवाले," ती म्हणाली, "बोंबलाला हात लावलास?"

मी हाताकडं बघितलं. खवले, खारट पाणी, आणि वास.

"आणि तुम्ही माझ्या कुरडया..."

"गप. पाटी कुठाय माजी?"

पाटी फाटकात होती. पाटीत मांजरं होती. त्या दिवशी वाडीतल्या मांजरांची दिवाळी झाली. मावशी त्यांना एक शब्द बोलली नाही. तिनं लिंबू कापलं, माझे हात आपल्या हातात घेतले आणि कोपरापर्यंत चोळले, लहान लेकराला न्हाऊ घालावं तसे. वास काही गेला नाही. दोन दिवस मी चमच्यानं जेवले. पण खरं सांगते, बोईसरला आल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मी गॅस बंद आहे का बघायला उठले नाही.

तेव्हाचं सगळंच असं होतं. कुणाच्या मिरच्या, कुणाची चिंच, कुणाची गादी, अंगणात उन्हाला काही ना काही पडलेलं आणि ते राखणं ही ज्याच्या नजरेला पडेल त्याची जबाबदारी. कोल्हापूरकडची एक वहिनी बाळंतीण झाली तेव्हा तिचं बाळसुद्धा सकाळच्या उन्हात बाजेवर असायचं आणि मावशी म्हणायची, "ह्याच्याकडं पण बगा गो, कुरडयांच्या बाजूला हाय." दारं उघडी. कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत, कोण कोणाशी बोलत नाही तेही माहीत. त्याचा त्रासही व्हायचा, नाही असं नाही. आमचं नवरा-बायकोचं भांडण झालं तर मावशी भिंतीपलीकडून निकाल द्यायची. बहुतेक वेळा ह्यांच्या विरुद्ध.

मग इतरांचं झालं तसं आमचंही झालं. अंगण गेलं, खोल्या गेल्या, तिथं इमारत उभी राहिली. जमीन मावशीची, म्हणून तिला तळमजल्यावर घर मिळालं. आम्ही कर्ज काढून दुसऱ्या मजल्यावर आलो. जुने बाकीचे पांगले. नवीन लोक आले, चांगले लोक, पण दाराला बाहेरचं बघायचं भोक आणि आतून दोन कड्या. लेक शिकली, पुण्याला नोकरीला गेली. मी कुरडया करते म्हटलं की फोनवर म्हणते, "आई, पाकीट मिळतं गं. मी ऑनलाइन पाठवू का?" मी म्हणते, पाठव. आणि गहू भिजत घालते.

मावशीनं वलांडी गच्चीवर नेली. म्हातारपणी रोज सकाळी लिफ्टनं वर जायचं, शेवटचा जिना गुडघ्यांना शिव्या देत चढायचा आणि छत्री उघडून बसायचं. ते बघून इतरही धीट झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे पापड आले, कुणाची हळद आली. सकाळी ठेवायचं, कामाला जायचं, संध्याकाळी न्यायचं. मधे काय होतं, कोण बघतं, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. वाळायचं आणि घरी यायचं, एवढं त्यांना माहीत.

मग एक दिवस लिफ्टमध्ये कागद लागला. गच्चीवर मासळी वाळवण्यास सक्त मनाई. तोच कागद मोबाईलच्या ग्रुपवरही आला आणि त्याखाली बरेच हात जोडलेले आणि अंगठे दाखवलेले आले. सेक्रेटरी तरुण मुलगा, कंपनीत क्वालिटीला, बोलायला गोड. आमच्या लेकीच्या वयाचा असेल. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग ठेवली.

आदल्या दिवशी मावशी मला म्हणाली, "नाय म्हणाले ना, तर मी मुरब्याला जाते. भाचा कदीपासून बोलवतोय. बोंबील नाय चालत तिथं मी कशाला ऱ्हाऊ? माजा वास तोच हाय."

ती हसत म्हणाली. पण तिनं भाच्याला फोन केलेला होता, हे मला त्याच्याच तोंडून कळलं. मुरबे म्हणजे काही परदेश नाही, पण मला माहीत होतं. ती गेली की मी पुन्हा कडी लावून आत बसणार. माझी माय दूर लातूरला वारली, तिच्या शेवटाला मी पोचले नव्हते. इथं मला माय म्हणून ही एकच होती. रात्रभर मी काय काय बोलायचं ते मनात जुळवलं आणि सकाळपर्यंत सगळं विसरले.

मीटिंगला मी नेहमीसारखी सगळ्यात मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. कधी तोंड उघडलं नव्हतं. सातवी शिकलेल्या बाईनं त्या लोकांपुढं काय बोलायचं?

सेक्रेटरी म्हणाला, "आजी, पर्सनल घेऊ नका हं. वासाच्या कम्प्लेंट्स आहेत. कुरडया, पापड, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त मासळी नको."

मावशी खुर्चीत आरामात बसलेली, काठी मांडीवर. "बोलू का?"

"बोला ना."

"पोरा, तू कुठल्या खात्यात?"

"क्वालिटी."

"सकाळी वारा पडला की कंपनीचा वास येतो. डोळ्यातनं पाणी येतं. त्याला कागद लावलास कुठं?" लोक हसले. "आणि ही आमची माळवाली. हिचा गहू आंबला की मी पण पदर लावते, आणि मी बोंबीलवाली! विचार तिला." आता सगळे वळून माझ्याकडं बघून हसायला लागले. मी खुर्चीत बुडाले. "वास सगळ्यांना असतो रे. कुणाचा कुणाला कळतो, एवढंच."

हसणं झालं, पण सेक्रेटरी नियमाचा माणूस. "आजी, पटतं मला. तरी आपण हात वर करून घेऊ. मासळी बंद करावी असं ज्यांना वाटतं..."

हात वर जायला लागले. पहिल्या रांगेत, दुसऱ्या रांगेत. मावशी मोजत नव्हती, ती काठीला चिकटलेला खवला नखानं काढत होती.

मी उभी कशी राहिले ते माझं मला माहीत नाही. जुळवलेलं एक वाक्य आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच.

"मग माझ्या कुरडया कोण राखणार?"

सेक्रेटरी म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे... मावशी मुरब्याला गेली तर. गच्चीवर दिवसभर ती बसते. कावळे आहेत. कुरडयांना हरकत नाही म्हणता, पण त्या राखते कोण? मी खाली स्वयंपाकात असते तेव्हा तीच बघते. तिचे बोंबील नसले तर ती वर येणार कशाला?"

मग तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. "अगंबाई, माझे पापड पण तिथंच असतात."

"आणि आमची हळद."

"माझी आई गावाहून येते तेव्हा उन्हाला वर जाऊन बसते. तिला जिन्यावरून कोण उतरवतं? मावशीच."

सेक्रेटरीची बायको भिंतीला टेकून उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या शेवया."

"कुठल्या शेवया?"

"गेल्या महिन्यात वाळवलेल्या. तुम्ही खाल्ल्या त्या."

एकेक करून हात खाली आले. आपापला हात वर होता हेच जणू लोक विसरले. सेक्रेटरीनं घसा साफ केला आणि मासळी गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, वाऱ्याची दिशा पाहून वाळवावी असं ठरलं. मावशी उठली. वाटलं, ती आता आभार मानेल.

"माजी पण एक अट हाय," ती म्हणाली. "पुडल्या रविवारी हा बसेल राखणीला."

आणि तो बसला हो! टोपी, गॉगल, हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल. तासाभरात सासऱ्यानं एक बोंबील नेला. मावशी जिन्यात उभी राहून बघतच होती. "लाज झोपलीय तुजी," ती त्याला म्हणाली. "मोबाईल तेवढा जागा हाय." पण नंतर त्याच पोरानं तिच्या गुडघ्यांसाठी गच्चीच्या जिन्याला आतल्या बाजूनं पाईपचा कठडा लावून घेतला. तो धरून ती पुढं बऱ्याच वेळा वर गेली. मुरब्याला गेली नाही. मी तिला एकदा म्हटलं, "मीटिंगमध्ये मी बोलले ते तुला कसं वाटलं गं?" तर म्हणाली, "माज्यासाठी कुठं बोललीस? कुरडयांसाठी बोललीस." आणि डोळे मिचकावून, "बरं केलंस. माज्यासाठी बोलली असतीस तर रडली असतीस."

गेल्या थंडीत मावशी गेली. आजारपण म्हणावं असं काही नाही. जेवली, हात धुतले, 'पडते जरा' म्हणाली. दहावा मुरब्याला बंदरावर केला. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा येऊन शिवला. इतक्या लगेच, की भटजीही चकित. हे माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "सासरा असणार." मी पदर तोंडात कोंबला. शेजारी भाच्याची बायको, तिलाही ऐकू गेलं, तिचेही खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं आम्ही रडतोय. तेही खोटं नव्हतं.

यंदा चैत्रात मी गहू भिजवला. झाकण उचलून बघायला कुणी आलं नाही. चीक शिजवला तेव्हा सवयीनं एक वाटी जास्त निघाली, ती ओट्यावर गार होऊन गेली. कुरडया घालून गच्चीवर नेल्या. पूर्वेच्या कोपऱ्यात वलांडीच्या दोऱ्या रिकाम्या. मी छत्री उघडली, काठी घेतली आणि बसायला गेले, तर बसताच येईना. तोंड कुणीकडं करायचं?

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मुरब्याला गेले. भाच्याच्या बायकोनं मला बघून विचारलं, "माळवाली आत्या, तुमी? बोंबील? कुनाला?" मी म्हटलं, "वाळवायला." तिनं आत जाऊन पिशवी भरून दिली. गच्चीवर येऊन मी ते दोरीवर घातले, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून. इतकी वर्षं नुसतं बघत होते, पण हातांना येत होतं. लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, तू माळकरी ना? आणि हे खाणार कोण?" म्हटलं, "सेक्रेटरीला देईन. तू फोन ठेव, माझं लक्ष जातंय."

बसले. बोंबलांकडं तोंड, कुरडयांकडं पाठ. ऊन चांगलं होतं. समोरच्या टाकीवर सासरा येऊन गेला, त्याला काठी दाखवली. नणंद आली, तिलाही. दुपारपर्यंत एक बोंबील हलू दिला नाही मी.

मग पाठीमागं प्लॅस्टिकवर पंखांचा आवाज झाला. मी मान वळवली. एक कावळा कुरडयांच्या मधोमध उतरला होता. हा कधी बघितलेला नव्हता. मान वाकडी न करता माझ्याकडं सरळ बघत होता. मग त्यानं एक कुरडई उचलली, घाई न करता, आपल्या घरातली उचलावी तशी.

काठी माझ्या हातातच होती. मी तोंड परत बोंबलांकडं केलं.

"चीक हवा होता तर सकाळी यायचंस," मी म्हटलं.